मजकुरावरच्या खुणा : एचटीएमएलच्या घटकांची जडणघडण



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून सभेतील वडीलधारी मंडळी थोडी बिचकली असतील, आणि तरुण मंडळींच्या मनात याच्या अगदी उलट शंका आली असेल. वडील म्हणतील, ‘एचटीएमएल’ ही अक्षरे आमच्या काय उपयोगाची? तरुण म्हणतील, ही भाषा शिकावयास आम्ही नुकतीच सुरुवात केली आहे. आम्हांला तिच्या घटकांची यादी द्या, इतिहास कशाला? यादी कोठेही मिळते. पण त्या यादीतला प्रत्येक घटक कोणीतरी, अमुक एका वर्षी, गरजेपोटी किंवा निव्वळ हट्टापोटी आणलेला आहे, आणि तो का आणला हे कळले नाही तर यादी पाठ होते, समजत नाही. वडीलधाऱ्यांपैकी जे कोणी मोबाईलवर सकाळचे वर्तमानपत्र चाळतात किंवा सातबाराचा उतारा पाहतात, ते तर रोज ह्याच भाषेत बांधलेला मजकूर वाचीत असतात. एखाद्या मजकुराला मथळा म्हणावयाचे की नुसतीच मोठी अक्षरे, हे कोणी ठरवावयाचे, असा हा सारा वाद आहे. त्या वादात आपल्या मराठीचेही बरेच नुकसान झाले आहे. ते ओघाने येईलच.

मजकुरावर खुणा करण्याची चाल काही संगणकाबरोबर आलेली नाही. आपल्या हस्तलिखित पोथ्या पाहा. अक्षरे एकसलग, शब्दाशब्दांत जागा नाही, ओळी या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेल्या. मग अध्याय कोठे सुरू झाला हे वाचणाऱ्याला कळावयाचे कसे? तर आरंभी ‘अथ’ आणि शेवटी ‘इति’. शिवकालीन पत्रांत हीच व्यवस्था अधिक कडक स्वरूपात दिसते. माथ्यावर मुख्य शिक्का, आणि मजकूर जेथे संपला तेथे मोर्तब. महाराजांच्या पत्रांखाली ‘मर्यादेयं विराजते’ ही जी लहान मुद्रा असते, तिचा अर्थच मुळी ‘ही येथे मर्यादा शोभते आहे’ असा. मोर्तबाखाली कोणी एखादी ओळ घुसडली, तर ती पत्राबाहेरची हे कारकुनाला नजरेसरशी कळे.

एचटीएमएलमधील घटक, ज्याला एलिमेंट म्हणतात, तो कल्पनेच्या दृष्टीने ह्याहून फारसा निराळा नाही. परिच्छेद लिहावयाचा असेल तर आधी कोनी कंसांच्या जोडीत ‘पी’ हे इंग्रजी अक्षर लिहावयाचे, म्हणजे पॅराग्राफ. मग मजकूर. मजकूर संपला की पुन्हा कोनी कंस, त्यात आधी एक तिरकी रेघ आणि मग तेच ‘पी’. पहिली खूण उघडणारी, दुसरी मिटणारी. ह्या खुणांना टॅग म्हणतात. आणि उघडणारी खूण, मधला मजकूर व मिटणारी खूण हे तिन्ही मिळून जे होते तो घटक. नवशिके टॅग आणि घटक हे शब्द एकाच अर्थाने वापरतात. त्यात मोठेसे पाप नाही, पण शिक्का म्हणजे पत्र नव्हे, एवढे ध्यानात असू द्यावे. उघडणाऱ्या खुणेच्या आत घटकाची आणखी माहिती लिहिता येते, तिला अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात. घटकात घटक बसतो, डब्यात डबा बसावा तसा. मात्र जो शेवटी उघडला तो आधी मिटावयाचा. काही घटकांच्या पोटात मजकूर नसतोच, उदाहरणार्थ चित्र किंवा ओळ तोडण्याची खूण. त्यांना मिटणारी खूण लागत नाही. व्याकरण म्हणाल तर एवढेच आहे. एका दुपारी शिकून होते.

आता प्रश्न असा की ‘पी’ म्हणजे परिच्छेद असे का? ‘दोन ओळी सोडा आणि चार अक्षरे आत सरका’ असे सरळ का सांगू नये? छापखान्यात शेकडो वर्षे तसेच तर चालत आले होते. संपादक हस्तलिखितावर लाल पेन्सिलीने लिहीत असे, हे मध्यभागी, हे ठळक, हे अमुक पॉइंटात. आणि खिळे जुळविणारा ते मुकाट्याने पाळीत असे. संगणकावर जुळणी सुरू झाली तेव्हा ह्या लाल पेन्सिलीच्या जागी सांकेतिक आज्ञा आल्या, एवढाच फरक. यंत्र बदलले की आज्ञा बदलत, आणि सगळा ग्रंथ पुन्हा पहिल्या पानापासून खुणावून काढावा लागे.

विल्यम टनिक्लिफ नावाच्या गृहस्थांनी 1967 च्या सप्टेंबरात कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयात झालेल्या एका बैठकीत असा विचार मांडला की, दस्तऐवजात सांगितलेले काय आहे आणि ते दिसते कसे, ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधील ग्रंथसजावटकार स्टॅन्ली राइस हेही संपादकीय रचनेच्या खुणांचा एक सर्वसामान्य संच असावा असे म्हणत होते. कल्पना ऐकावयास साधी वाटते. पण तिला हातपाय फुटले ते एका वकिलामुळे.

चार्ल्स गोल्डफार्ब हे हार्वर्डचे कायद्याचे पदवीधर. वकिली सोडून ते आयबीएम कंपनीत आले आणि 1969 मध्ये केंब्रिज येथील, म्हणजे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथील, तिच्या संशोधन केंद्रात एका कामावर रुजू झाले. काम वकिलांच्या कचेऱ्यांसाठी होते. दस्तऐवज लिहिण्याचा एक प्रोग्रॅम, जुन्या दस्तऐवजांतून हवे ते शोधून काढण्याचा दुसरा, आणि छापून देणारा तिसरा. तिघांचे एकमेकांशी पटत नव्हते. एकाच्या आज्ञा दुसऱ्याला कळत नव्हत्या. छापणाऱ्या प्रोग्रॅमला ‘हे ठळक अक्षरांत’ एवढे कळून पुरते. पण शोधणाऱ्याला ठळक अक्षरांचे काय करावयाचे? त्याला हवे असते पक्षकाराचे नाव कोणते, निकालाची तारीख कोणती, मथळा कोणता. गोल्डफार्ब आणि त्यांचे सहकारी एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनी उलट बाजूने विचार केला. मजकुरात फक्त ती वस्तू काय आहे एवढे लिहावयाचे. मथळा असेल तर मथळा, परिच्छेद असेल तर परिच्छेद. मग छापणारा तो मथळा ठळक करो नाहीतर लाल करो, आणि शोधणारा त्यातून शोधो. ह्या पद्धतीला त्यांनी जीएमएल असे नाव दिले. जनरलाइज्ड मार्कअप लँग्वेज असे त्याचे रूप सांगतात खरे; पण ती तिघांच्या आडनावांची आद्याक्षरेही आहेत, आणि हा काही योगायोग नव्हे. ‘मार्कअप लँग्वेज’ हा शब्द गोल्डफार्ब यांचाच. जीएमएलमध्ये खुणेच्या आधी कोलन लिहीत. मुख्य मथळ्यासाठी ‘एच-वन’, परिच्छेदासाठी ‘पी’, यादीसाठी ‘यूएल’ आणि यादीतल्या कलमासाठी ‘एलआय’ ही नावे तेथली. आज आमचा विद्यार्थी पहिल्या दिवशी जी नावे शिकतो, ती कोर्टकचेरीच्या कामातून उगवलेल्या भाषेतून आलेली आहेत.

ह्या जीएमएलचे पुढे आंतरराष्ट्रीय मानक झाले, 1986 साली, एसजीएमएल ह्या नावाने. कोनी कंस रूढ झाले ते त्यातून. ते मानक अतिशय काटेकोर, अतिशय समर्थ आणि सामान्य माणसाला अतिशय न परवडणारे असे होते. मोठमोठ्या प्रकाशकांनी आणि अमेरिकेच्या लष्करी खात्याने ते वापरले. त्याबद्दल येथे अधिक बोलण्याची जरुरी नाही.

आता आपण जिनिव्हाजवळ येऊ. स्विस-फ्रेंच सरहद्दीवर सर्न नावाची अणुकणांवर संशोधन करणारी संस्था आहे. देशोदेशीचे शास्त्रज्ञ तेथे येतात, दोन वर्षे राहतात, निघून जातात. आणि त्यांच्याबरोबर कोणती माहिती कोणत्या कागदात आहे हे ज्ञानही निघून जाते. टिम बर्नर्स-ली नावाच्या तिथल्या एका इंग्रज संगणकतज्ज्ञाने मार्च 1989 मध्ये ह्यावर एक टिपण लिहिले. त्याचे वरिष्ठ माइक सेंडल यांनी टिपणाच्या माथ्यावर, संदिग्ध आहे पण उत्साह वाटावा असे आहे, अशा अर्थाचा शेरा मारला. शेरा मारून फाईल बंद केली नाही, हे विशेष. 1990 च्या अखेरीस बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट संगणकावर पहिला ब्राउझर चालू लागला होता.

सर्नमध्ये त्या वेळी कागदपत्रांसाठी एसजीएमएलचाच एक घरगुती अवतार वापरात होता. बर्नर्स-ली यांनी बहुतेक खुणा तेथून उचलल्या. लोकांच्या हातात बसलेली सवय मोडावयाची नाही, हे धोरण. 1991 मध्ये त्यांनी ह्या खुणांचे जे पहिले टिपण प्रसिद्ध केले, त्यात अठराएक घटक होते : पानाचे शीर्षक, एकापासून सहापर्यंत पायऱ्यांचे मथळे, परिच्छेद, याद्या, शब्द व त्याचा अर्थ अशी जोडयादी, लिहिणाऱ्याचा पत्ता, असे. चित्र नाही, रंग नाही, तक्ता नाही. एक खूण मात्र कोणाकडूनही उसनी घेतलेली नव्हती. ती म्हणजे ‘ए’, अँकर, नांगर. तिच्यात ‘एच-रेफ’ नावाचा अ‍ॅट्रिब्यूट. त्यात दुसऱ्या कागदाचा पत्ता लिहिला की वाचणारा एका बोटासरशी तिकडे पोहोचतो. बाकीच्या सतरा खुणा काढून टाकल्या असत्या तरी जगाचे काम अडले नसते, पण ही एक काढली असती तर महाजाल हा शब्दच उरला नसता.

एक गमतीची गोष्ट सांगतो. परिच्छेदाचा ‘पी’ त्या वेळी परिच्छेदाला कवेत घेत नसे. तो दोन परिच्छेदांच्या मध्ये पडणारी खूण होता, आपल्या कीर्तनातल्या मध्यंतराच्या बुक्क्यासारखा. मिटणारी खूण त्याला नव्हतीच. पुढे तो डबा झाला. म्हणूनच आजही परिच्छेदाची मिटणारी खूण कोणी विसरले तरी ब्राउझर रागावत नाही, आपल्या मनाने मिटवून घेतो. दुसरी गोष्ट अधिक नवलाची. ह्या खुणा माणसांनी हाताने लिहाव्यात असे बर्नर्स-ली यांच्या मनात नव्हतेच. त्यांचा पहिला ब्राउझर वाचण्याचा होता तसा लिहिण्याचाही होता. खुणा त्याने आपसूक घालाव्यात आणि कोणाच्या दृष्टीस पडू नयेत, अशी त्यांची अपेक्षा. घडले उलट. लोकांनी दुसऱ्याचे पान उघडून आतल्या खुणा पाहिल्या, पाहून पाहून उतरविल्या, आणि त्यातून सारे जग ही भाषा शिकले. भल्याभल्या अभ्यासक्रमांना जे साधले नसते ते ह्या नकलेने साधले असे मला वाटते.

खुणा ‘काय आहे’ एवढेच सांगत, ‘कसे दिसावे’ हे सांगत नसत, ह्याचे कारण तत्त्वज्ञान नव्हे, अडचण होती. नेक्स्ट संगणक सर्नमध्येही मोजक्यांकडेच. बाकीच्यांपुढे हरतऱ्हेची यंत्रे, काहींवर तर नुसत्या अक्षरांच्या ओळी सरकत. निकोला पेलो नावाच्या एका विद्यार्थिनीने अशा साध्या यंत्रांवर चालेल असा ब्राउझर तयार केला. नेक्स्टवर मुख्य मथळा सुबक मोठ्या टायपात दिसे, पेलोबाईंच्या ब्राउझरमध्ये तोच मथळा साध्या अक्षरांत येई. पण मथळा तो मथळाच. एकच कागद दोघांना पुरे. 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने हे सगळे विनामूल्य जगाला देऊन टाकले.

पण त्याआधी दोन महिने एका चित्राने ह्या घरात पाऊल टाकले होते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील महासंगणन केंद्रात मार्क अँड्रीसन नावाचा 21 वर्षांचा विद्यार्थी एरिक बायना यांच्याबरोबर मोझेक नावाचा ब्राउझर घडवीत होता. 25 फेब्रुवारी 1993 रोजी त्याने ह्या क्षेत्रातल्या मंडळींना कळविले की, मजकुरात चित्र बसविण्यासाठी ‘आयएमजी’ नावाची एक खूण असावी, आणि चित्र कोठे आहे ते सांगण्यासाठी तिला ‘एसआरसी’ हा अ‍ॅट्रिब्यूट असावा. उत्तरे आली. कोणी म्हणाले, आमच्याकडे अशीच एक खूण आधीपासून आहे. बर्नर्स-ली यांचे म्हणणे पडले की वेगळी खूण कशाला, नांगराच्याच खुणेला ‘हे येथे आत बसवा’ असे सांगण्याची सोय करू. आणखी काहींना वाटले, आज चित्र आले, उद्या ध्वनी येईल, परवा चलच्चित्र. तेव्हा काहीही आत घेणारा एकच सर्वसाधारण घटक बनवा. ही सूचना शहाणपणाची होती. अँड्रीसनने ती ऐकली, तिची वाजवी तारीफ केली, आणि काही आठवड्यांत आपलीच खूण ठेवून मोझेक लोकांच्या हातात दिला. लोक चित्रांवर तुटून पडले. सर्वसाधारण घटक पुढे 1997 मध्ये ‘ऑब्जेक्ट’ ह्या नावाने आला खरा, पण तोपर्यंत जगातल्या पानापानांवर ‘आयएमजी’ बसलेला होता, आणि आजही तोच आहे. ध्वनीसाठी व चलच्चित्रासाठी वेगळे घटक करावे लागले ते लागलेच.

अँड्रीसनला मी दोष देत नाही. जो काम करून दाखवितो त्याचा शब्द राहतो, हा व्यवहार आहे. परंतु त्याच्या मूळ सूचनेत एक गोष्ट नव्हती. ज्याला चित्र दिसणार नाही त्याच्यासाठी काय? त्यासाठीचा ‘ऑल्ट’ हा अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे चित्राऐवजी वाचावयाचे शब्द, मागाहून चिकटविला गेला, आणि तो घातलाच पाहिजे असा नियम 1997 च्या एचटीएमएल 4.0 मध्ये झाला. अंध माणसे आज संगणक वापरतात ती पान वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने. असा वाचक डोळे फिरवून पान चाळू शकत नाही. तो एका कळीने मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारतो आणि हवे ते प्रकरण गाठतो. लिहिणाऱ्याने मथळ्याला मथळ्याची खूण घातली असेल तरच हे शक्य. नुसती अक्षरे मोठी केली असतील, तर डोळसाला मथळा दिसतो आणि अंधापुढे सपाट मैदान पसरते. ‘ऑल्ट’ नसलेले चित्र म्हणजे त्याच्या दृष्टीने शाई सांडलेली जागा.

आणि अक्षरे नुसती मोठी करण्याचा काळ आता सुरू झाला होता. 1994 मध्ये अँड्रीसन आणि मंडळींनी नेटस्केप काढली, 1995 मध्ये मायक्रोसॉफ्ट मैदानात उतरली, आणि दोन्ही कंपन्या एकमेकींवर मात करण्यासाठी आपापल्या नव्या खुणा बाजारात आणू लागल्या. मजकूर मध्यभागी आणणारी ‘सेंटर’, टाइप व रंग बदलणारी ‘फाँट’. ‘ब्लिंक’ नावाच्या खुणेची हकीकत तर मासलेवाईक आहे. नेटस्केपचे लू मॉन्टुली यांनी पुढे स्वतःच सांगितले की, केवळ अक्षरे दाखविणाऱ्या लिंक्स ह्या ब्राउझरमध्ये नव्या युक्त्यांपैकी एकच चालू शकेल, ती म्हणजे अक्षरे लुकलुकविणे, असे आपण एका गुत्त्यात थट्टेने बोललो. सकाळी येऊन पाहतो तो एका सहकाऱ्याने रातोरात ते करून ठेवलेले! मायक्रोसॉफ्टने उत्तरादाखल ‘मार्की’ आणली, अक्षरे एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकविणारी. ब्लिंक 2013 मध्ये फायरफॉक्समधून गेली. मार्कीला मानकाने रद्दबातल ठरविले आहे, तरी ती ब्राउझरमध्ये चालते, आणि आपल्याकडील संकेतस्थळांवर निविदेच्या सूचना तिच्यावर बसून कशा धावत असत ते आपण पाहिलेच आहे.

ह्याहून खोल जखम तक्त्यांनी केली. ‘टेबल’ हा घटक आकडेवारीसाठी, रकान्यांच्या माहितीसाठी. पण रचनाकारांच्या लक्षात आले की रेघा अदृश्य केल्या तर त्याच्या घरांत मजकूर हवा तेथे बसविता येतो. मग डाव्या घरात अनुक्रमणिका, उजव्या घरात लेख, मधल्या घरात काहीच नाही, फक्त एका ठिपक्याचे पारदर्शक चित्र ताणून जागा धरून ठेवलेली. डेव्हिड सीगल यांनी 1996 मध्ये ह्या विद्येवर एक पुस्तक लिहिले आणि ते रचनाकारांच्या हातोहाती गेले. पुढच्याच वर्षी ह्याच सीगल यांनी जाहीर कबुली दिली की महाजाल बिघडले आहे आणि ते आपण बिघडविले. इतकी सरळ कबुली देणारा माणूस मला आवडतो, बिघाड केला तरी.

आता मराठीकडे येतो. 1990 नंतरच्या दशकात मराठी मजकूर महाजालावर येऊ लागला, तेव्हा घराघरांतल्या संगणकाला देवनागरी ठाऊक नव्हती. म्हणून एक युक्ती निघाली. एक टाइप बनवावयाचा. त्यात इंग्रजी ‘ए’च्या घरात ‘क’ची आकृती, ‘बी’च्या घरात काना, असे काही बसवावयाचे. मग पानावर प्रत्यक्षात रोमन अक्षरांची खिचडी लिहावयाची आणि तिच्याभोवती ‘फाँट’ ही खूण गुंडाळून सांगावयाचे की ही अक्षरे अमुक टाइपात दाखीव. वाचणाऱ्याकडे तो टाइप असला तर सुरेख मराठी दिसे. नसला तर अर्थहीन अक्षरांचा चिखल. प्रत्येकाचा टाइप वेगळा आणि घरांची वाटणीही वेगळी, त्यामुळे एकाचे मराठी दुसऱ्याच्या टाइपात वाचता येत नसे. मजकूर मराठी दिसत होता, पण मराठी नव्हता. त्यात ‘पुणे’ हा शब्द शोधावयास गेले तर सापडत नसे, कारण ‘पुणे’ तेथे लिहिलेलेच नव्हते.

करणारांना नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, आणि अमेरिकेत किंवा आखातात बसलेल्या मराठी माणसाला आपल्या गावची बातमी वाचता आली ती ह्याच युक्तीमुळे. तसे पाहिले तर देवनागरीला युनिकोडमध्ये 1991 पासून हक्काची घरे मिळालेली होती. जानेवारी 1997 मध्ये एचटीएमएलनेही युनिकोड हाच आपल्या अक्षरांचा पाया मानला, आणि मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे सांगणारा ‘लँग’ हा अ‍ॅट्रिब्यूट त्याच वेळी आला. अडले होते ते यंत्रांत. 2000 साली विंडोजमध्ये देवनागरीची सोय झाली. तिच्यातला ‘मंगल’ हा टाइप आपले कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. मराठी विकिपीडिया 2003 मध्ये सुरू झाला. पण जुनी पाने आपसूक बदलली नाहीत. ज्यांनी ती मेहनतीने उलगडून युनिकोडात आणली त्यांची वाचली. बाकीची, टाइप हरवल्यामुळे, मोडी वाचणारा मेल्यावर घरातले रुमाल जसे पडून राहतात तशी पडून आहेत. फरक इतकाच की मोडी शिकून पुन्हा वाचता येते. एका दशकाचे लेख, अग्रलेख, श्रद्धांजल्या, गावोगावच्या बातम्या असा ऐवज त्यात आहे.

‘कसे दिसते’ आणि ‘काय आहे’ ह्यांची फारकत करण्याची सोय मात्र ह्या धामधुमीतच तयार होत होती. ऑक्टोबर 1994 मध्ये सर्नमधल्याच होकून विउम ली ह्या नॉर्वेजियन तरुणाने सूचना केली की रूपरंगाच्या आज्ञा वेगळ्या कागदात लिहाव्यात. बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर 1996 मध्ये सीएसएसचे पहिले मानक निघाले. वर्षभराने एचटीएमएल 4.0 ने ‘फाँट’ आणि ‘सेंटर’ ह्यांना निरोपाचा नारळ दिला. ब्राउझरांनी सीएसएस नीट पाळावयास आणखी पुष्कळ वर्षे घेतली, हे वेगळे सांगावयास नको.

यानंतर मानक ठरविणाऱ्या संस्थेला, म्हणजे बर्नर्स-ली यांनीच 1994 मध्ये स्थापन केलेल्या डब्ल्यू-थ्री-सी ह्या संस्थेला, शिस्तीचा झटका आला. 2000 मध्ये तिने एक्सएचटीएमएल काढले. त्याचा कडक नियम असा की एक जरी खूण मिटावयाची राहिली तरी ब्राउझरने पान दाखवूच नये, चूक दाखवावी. व्याकरणात एक चूक केली म्हणून वक्त्याला व्यासपीठावरून उतरविण्यापैकी हा प्रकार. त्याची पुढची आवृत्ती तर जुन्या पानांशी जुळणारीही राहणार नव्हती. 2004 मध्ये मोझिला व ऑपेरा यांनी संस्थेपुढे जाऊन जुन्याच एचटीएमएलची वाढ करू या असे सुचविले. ते फेटाळले गेले. तेव्हा त्या दोघांनी ॲपलला बरोबर घेऊन वेगळी चूल मांडली. तिचे नाव व्हॉटडब्ल्यूजी. मला ह्या मंडळींचे एक काम फार मोलाचे वाटते. चुकीच्या खुणा आल्या तर ब्राउझरने नेमके काय करावयाचे, हेही त्यांनी कलमवार लिहून काढले. चूक करणाऱ्याला हाकलावयाचे नाही, पण प्रत्येक ब्राउझरने चूक एकाच रीतीने सावरावयाची.

नवे घटक कोणते हवेत हे ठरवितानाही त्यांच्यापुढे लोकांची चालच होती. संपादक इयन हिक्सन त्या वेळी गूगलमध्ये होते. तेथे 2005 च्या अखेरीस शंभर कोटींहून अधिक पाने तपासून, लोक आपल्या कप्प्यांना काय नावे देतात हे पाहण्यात आले. ‘डिव्ह’ नावाचा एक निरर्थक घटक आहे, नुसता कप्पा. लोक त्याला आपल्या मनाने ‘फुटर’, ‘मेनू’, ‘हेडर’, ‘नॅव्ह’ अशी नावे देत होते. ‘हेडर’, ‘नॅव्ह’, ‘फुटर’ हे एचटीएमएल 5 मधले घटक त्याच बोलीतले. हे मानक 28 ऑक्टोबर 2014 रोजी मंजूर झाले, आणि मे 2019 मध्ये दोन्ही चुली एक झाल्या. आता मानक व्हॉटडब्ल्यूजीच लिहिते आणि ते सतत बदलत असते. शंभराहून अधिक घटक त्यात आहेत. रोजच्या कामाला वीस-पंचवीस पुरतात.

जे आज नव्याने लिहावयास बसणार आहेत त्यांनी आपल्या पहिल्या पानावर सर्वांत बाहेरच्या ‘एचटीएमएल’ घटकात ‘लँग’ लिहून त्यात ‘एमआर’ ही दोन अक्षरे जरूर घालावीत. ती मराठीची खूण. तिच्यावरून वाचून दाखविणारा प्रोग्रॅम मराठी आवाज निवडतो, हिंदी धाटणीने आपले शब्द उच्चारीत नाही. आणि ज्या टाइपात तशी सोय केलेली आहे, त्यात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे उमटतात.

सर्नने 2013 मध्ये जगातले पहिले संकेतस्थळ मूळ पत्त्यावर पुन्हा उभे केले. त्या पानाची हाती असलेली प्रत 1992 ची आहे. तिच्यात ‘नेक्स्ट-आयडी’ नावाचा एक घटक दिसतो, नेक्स्टवरच्या जुन्या लेखन-प्रोग्रॅमने स्वतःच्या हिशोबासाठी घातलेला; तो वाचणारे यंत्र आता कोठेही नाही. आरंभीच्या नियमांतच असे होते की ओळखीची नसलेली खूण आली तर ब्राउझरने ती सोडून द्यावी आणि मजकूर दाखवावा. आज रात्री घरी गेल्यावर कोणी ते पान मोबाईलवर उघडले, तर मथळा मथळ्यासारखा दिसेल, दुवे निळे दिसतील, आणि बोट ठेवले की उघडतील.